सुरक्षित भाजीचा पहिला पुरावा : शेतकऱ्याची नोंदवही

भिलाई म्हटले की प्रथम आठवते ते पोलाद. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भातशेतीच्या या प्रदेशात एक औद्योगिक नगरी आकारास आली. देशाच्या सर्व भागांतून माणसे येथे नोकरीसाठी आली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. भारतीय रेल्वेला लागणारे रूळ हे भिलाईचे प्रमुख उत्पादन. या रुळांचे एक वैशिष्ट्य सर्वसामान्य प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. प्रत्येक रुळावर कारखान्याची खूण, निर्मितीचा काळ आणि ज्या हीटमधून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या पोलादातून, तो घडला त्या हीटचा क्रमांक उमटवलेला असतो. पुढे कोठे रुळाला तडा गेला, तर दोषाचा माग थेट भट्टीपर्यंत काढता येतो.

याच नगरीच्या स्वयंपाकघरात रोज येणाऱ्या टोमॅटोवर मात्र असा कोणताही क्रमांक नसतो. दुर्ग, धमधा, पाटन या परिसरातील गावांतून भाजीपाला भिलाईत येतो. धमधा भाग तर टोमॅटोसाठी प्रसिद्ध असून तेथील माल परराज्यांतही जातो. शेतातून निघालेले क्रेट कोचियाच्या, म्हणजे गावोगाव फिरून माल गोळा करणाऱ्या छोट्या व्यापाऱ्याच्या, गाडीत चढतात. मंडीत त्यांची बोली होते. तेथून ते किरकोळ विक्रेत्याच्या पसऱ्यावर येतात. दहा शेतांचा माल एकाच ढिगात मिसळतो. गृहिणी भाव विचारते, ताजेपणा पाहते. पण शेवटची फवारणी केव्हा व कशाची झाली, हे ती विचारीत नाही आणि विचारले तरी विक्रेत्याला सांगता येत नाही. सुरक्षित अन्नाचा सारा प्रश्न या न विचारलेल्या प्रश्नात सामावलेला आहे.

कायदा बांधावर थांबतो, जबाबदारी थांबत नाही

'अन्न सुरक्षा' हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. सर्वांना पुरेसे अन्न मिळावे हा एक अर्थ, तर मिळणारे अन्न आरोग्यास अपायकारक नसावे हा दुसरा. प्रस्तुत लेखाचा संबंध दुसऱ्या अर्थाशी आहे.

अन्नभेसळीविरुद्ध आपल्याकडे १९५४ चा कायदा होता. त्याची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली आणि त्याखालील प्रमुख नियम ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आले. या कायद्याच्या कलम १८ मध्ये एक महत्त्वाची तरतूद आहे. शेतकरी, मच्छीमार, शेतीची कामे, उभी पिके तसेच शेतकऱ्याने शेताच्या पातळीवर पिकवलेला माल यांना हा कायदा लागू होत नाही. 'प्राथमिक अन्न' या संज्ञेच्या व्याख्येतही शेतकऱ्याच्या हातातील माल वगळला आहे. कोट्यवधी लहान शेतकऱ्यांच्या देशात प्रत्येकाच्या दारी परवाना व निरीक्षक पाठवणे व्यवहार्य नाही, हे ध्यानी घेता ही सवलत समजण्यासारखी आहे.

परंतु येथेच अनेकांची गफलत होते. सवलत शेतकऱ्याला आहे; विक्रीस आलेल्या टोमॅटोला नाही. माल व्यापाऱ्याच्या हाती पडताच तो कायद्याच्या कक्षेत येतो आणि कीडनाशकांचे अवशेष, शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू व इतर दूषित घटक यांच्या मर्यादा त्याला लागू होतात. एखाद्या कीडनाशकासाठी स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नसेल, तर किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही सर्वसाधारण मर्यादा धरली जाते. हिशोब केला तर हे प्रमाण १०० टन मालात अवघा एक ग्रॅम इतके होते. व्यापाऱ्याने टोमॅटो कितीही स्वच्छ ठेवला, तरी हा एक ग्रॅम त्याने घातलेला नसतो; तो शेतातूनच आलेला असतो.

शिवाय कलम २७ नुसार, ज्या मालाचा उत्पादक अगर वितरक विक्रेत्याला दाखवता येत नाही, त्या मालाची जबाबदारी विक्रेत्यावरच येते. म्हणून मोठा खरेदीदार, प्रक्रिया कारखाना अथवा साखळी दुकाने आज ना उद्या शेतकऱ्याकडे वळून विचारणारच : माल कोणत्या शेतातला? कोणते औषध, केव्हा मारले?

शेतकऱ्याच्या फवारणीशी मात्र आणखी एका कायद्याचा संबंध येतो. तो म्हणजे कीटकनाशके अधिनियम, १९६८. कोणते औषध कोणत्या पिकावर, किती मात्रेत वापरावे हे नोंदणीच्या वेळी ठरते आणि डब्याच्या लेबलावर छापले जाते. यालाच शेतकरी 'लेबल क्लेम' म्हणतात. लेबलावरील लाल, पिवळा, निळा व हिरवा त्रिकोण विषारीपणाचा उतरता क्रम दाखवतो. मोनोक्रोटोफॉसच्या भाजीपाल्यावरील वापरास २००५ सालीच बंदी करण्यात आली. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी बंदी घातली. तेव्हा "शेजाऱ्याने मारले, त्याला गुण आला" हा फवारणीचा आधार होऊ शकत नाही.

द्राक्षबागाईतदारांनी मोजलेली किंमत

कायदा सक्ती करीत नसताना शेतकरी शिस्त का लावून घेईल, असा प्रश्न येतो. त्याचे उत्तर महाराष्ट्रातील द्राक्षबागाईतदारांनी दिले आहे आणि त्यासाठी त्यांनी मोठी किंमतही मोजली आहे.

२००३ साली नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल व असिफेट या कीटकनाशकांचे अवशेष आढळले आणि युरोपीय बाजारपेठेत धोक्याचा इशारा दिला गेला. दोष काही बागांचा होता. शंका साऱ्या नाशिक-सांगलीच्या मालावर आली. कोणता घड कोणत्या बागेतला हे सांगण्याची सोय नसल्याने निर्दोष बागाईतदारालाही आपले निर्दोषत्व सिद्ध करता येईना. यातून अपेडा ही निर्यात विकास संस्था आणि पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी अवशेष तपासणीची योजना आखली. २००६ साली तिला 'ग्रेपनेट' या संगणकीय प्रणालीची जोड मिळाली.

या पद्धतीत निर्यातक्षम बागेची कृषी विभागाकडे नोंदणी होऊन तिला क्रमांक मिळतो. बागाईतदार फवारणीच्या नोंदी ठेवतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी बागेतून नमुना घेतो. अवशेष मर्यादेबाहेर गेल्यास त्या बागेपुरता इशारा निघतो आणि तेवढ्याच बागेचा माल थांबतो. परदेशातील दुकानात पोचलेल्या पेटीवरून उलट प्रवास करीत मूळ बागेपर्यंत जाता येते. एका बागेचा दोष साऱ्या जिल्ह्याच्या माथी येत नाही, हाच या व्यवस्थेचा खरा लाभ.

तरीही २०१० साली दुसरा फटका बसला. क्लोरमेक्वाट क्लोराईड हे वाढ नियंत्रित करणारे संजीवक बागाईतदार वर्षानुवर्षे वापरीत होते. तपासणीच्या यादीत त्याचा समावेश नव्हता. युरोपात त्याचे अवशेष किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम या मर्यादेपेक्षा अधिक आढळले आणि द्राक्षांचे कंटेनर तेथील बंदरांत अडकून पडले. कर्ज काढून बागा उभ्या केलेल्या शेतकऱ्यांचे त्यात अतोनात नुकसान झाले. त्यानंतर यादी वाढवण्यात आली आणि निर्यात पुन्हा सावरली. तपासणीची यादी म्हणजे सर्वस्व नव्हे. वापरलेल्या प्रत्येक रसायनाची नोंद हवी, मग ते कीडनाशक असो वा संजीवक, हा त्या वर्षाचा धडा होय.

तोडणी आणि फवारणी यांचे गणित

द्राक्षाचा धडा टोमॅटोला जसाच्या तसा लागू करता येत नाही. द्राक्षाची काढणी हंगामाच्या शेवटी थोड्या दिवसांत उरकते. टोमॅटोचे तसे नाही. एकदा फळे पिकू लागली की दर तीन-चार दिवसांनी तोडा येतो आणि तो महिना-दोन महिने चालतो. त्याच काळात फळ पोखरणारी अळी, पांढरी माशी व करपा यांचा उपद्रवही वाढतो. प्रत्येक औषधाला काढणीपूर्व प्रतीक्षा काळ असतो. म्हणजे फवारणीनंतर ठरावीक दिवस फळ तोडावयाचे नसते. कोठे तो ३ दिवसांचा असतो, कोठे ५ ते ७ दिवसांचा, तर कोठे त्याहून अधिक.

अडचण येथेच आहे. सात दिवसांचे औषध मारून चौथ्या दिवशी तोडा केला, तर नियमभंग होतो. थांबावे, तर फळ वेलावर अतिपक्व होऊन भाव जातो. शेतकऱ्याला दोष देण्यापूर्वी ही कोंडी समजून घेतली पाहिजे. ती पुढील उपायांनी बऱ्याच अंशी सोडवता येते.

लांब प्रतीक्षा काळाची औषधे फुलोऱ्यापूर्वीच वापरून संपवावीत. तोडे सुरू झाल्यावर फवारणी अनिवार्य असेल, तर ती तोडा झाल्याबरोबर करावी, म्हणजे पुढील तोड्यापर्यंतचा सर्व काळ पदरात पडतो. औषधही अल्प प्रतीक्षा काळाचेच निवडावे. फळ पोखरणाऱ्या अळीसाठी टोमॅटोच्या १४ ते १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ लावावी. पतंग टोमॅटोऐवजी झेंडूवर अंडी घालणे पसंत करतो. कामगंध सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क आणि अळीवरील विषाणूजन्य औषध यांचा वापर केल्यास रासायनिक फवारण्यांची संख्या घटते. फवारण्या घटल्या की अवशेष घटतात आणि खर्चही घटतो.

आणखी एक भ्रम दूर केला पाहिजे. फळ पाण्याने धुतले की औषध निघून जाते, हे आंतरप्रवाही औषधांच्या बाबतीत खरे नाही. ती वनस्पतीच्या रसात भिनतात. धुण्याने केवळ पृष्ठभागावरचा अंश कमी होतो.

विषाचा पहिला बळी ग्राहक नसून फवारणी करणारा असतो, याचेही विस्मरण होऊ नये. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. हातमोजे, तोंडावर आवरण, अंगभर कपडे आणि वाऱ्याच्या दिशेचे भान या गोष्टी ग्राहकापूर्वी शेतकऱ्याच्या घराचे रक्षण करतात.

पाणी, खत आणि हात

रासायनिक अवशेषांची चर्चा पुष्कळ होते; जंतूंची त्या मानाने कमी. टोमॅटो, काकडी, कोथिंबीर, मुळा हे आपण कच्चे खातो. त्यांच्यावर पडणारे पाणी सांडपाण्याने दूषित असेल, खतात न कुजलेले शेण असेल अथवा तोडणी करणाऱ्याला हात धुण्याची सोय नसेल, तर रोगजंतू थेट ताटात येतात.

२००६ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातील पालकाच्या पानांतून ई. कोलाय जातीच्या घातक जंतूंची बाधा होऊन सुमारे २०० लोक आजारी पडले आणि तिघांचा मृत्यू झाला. अशा घटनांनंतर ४ जानेवारी २०११ रोजी तेथे नवा अन्नसुरक्षा कायदा झाला आणि २०१५ साली ताज्या शेतमालासाठी स्वतंत्र नियम आले. सिंचनाचे पाणी, शेणखत, शेतात शिरणारी जनावरे, मजुरांची स्वच्छता आणि अवजारे या पाच बाबी त्यांत प्रामुख्याने येतात. आपला कायदा बांधावर थांबतो. अमेरिकेचा कायदा शेतात शिरतो. अगदी लहान शेतकऱ्यांना मात्र तेथेही सूट आहे.

२०११ सालीच जर्मनीत अशाच जंतूंमुळे ५० हून अधिक लोक दगावले. प्रथम संशय स्पेनच्या काकडीवर घेण्यात आला. काही दिवसांतच ती निर्दोष ठरली. रोगाचे मूळ मेथीच्या मोडांत असल्याचे पुढे निष्पन्न झाले. तोवर युरोपभर काकडीची मागणी कोसळली होती आणि शेतकऱ्यांच्या भरपाईसाठी युरोपीय संघाला सुमारे २१ कोटी युरोंची तरतूद करावी लागली. शेतकऱ्याचा दोष नसतानाही त्याच्यावर संकट येऊ शकते, याचे यासारखे दुसरे उदाहरण नाही.

आपल्याकडे औद्योगिक शहरांभोवतीच्या भाजीमळ्यांना नाल्याचे पाणी देण्याचा मोह अनेक ठिकाणी होतो. विशेषतः पालेभाज्यांना असे पाणी कटाक्षाने टाळावे. वर्षातून एकदा विहीर अथवा बोअरच्या पाण्याची तपासणी करून तिचा अहवाल जपून ठेवावा. शेणखत पूर्ण कुजवूनच घालावे. तोडणीच्या जागी स्वच्छ पाणी, साबण व जवळपास शौचालय असावे. क्रेट धुऊन, वाळवून वापरावेत आणि औषधांचे रिकामे डबे पाणी अगर माल भरण्यासाठी कदापि वापरू नयेत.

फळे पिकवण्यासाठी कॅल्शियम कार्बाईडचा वापर कायद्याने निषिद्ध आहे. त्याऐवजी नियंत्रित खोलीत इथिलीन वायू दहा लाख भागांस १०० भागांपर्यंत वापरण्यास मुभा आहे. भाज्यांना हिरवा रंग देणे हाही गुन्हाच. शेतकऱ्याने स्वतः टोमॅटोची प्युरी, भुकटी अथवा सॉस करून विकावयाचे ठरवले, तर तो अन्न व्यावसायिक ठरतो आणि उलाढालीनुसार नोंदणी वा परवाना त्याला आवश्यक होतो.

नोंदवहीत काय असावे

या सर्वांचा पुरावा म्हणजे एक साधी वही. तिच्यासाठी संगणक लागत नाही. शाळेत जाणारा मुलगा वा मुलगी ती लिहू शकते. तिच्यात पुढील गोष्टी असाव्यात :

१. शेताचा खसरा क्रमांक, प्रत्येक तुकड्याचे नाव, पिकाचा वाण व लागवडीची तारीख.

२. प्रत्येक फवारणीची तारीख, औषधाचे नाव, मात्रा, कारण, फवारणाऱ्याचे नाव आणि लेबलावरील प्रतीक्षा काळ.

३. औषध खरेदीचे पक्के बिल व त्यावरील बॅच क्रमांक. बिल न देणाऱ्या दुकानातून औषध घेऊ नये.

४. खताचा प्रकार, ते घातल्याची तारीख, पाण्याचा स्रोत व तपासणीचा अहवाल.

५. प्रत्येक तोड्याची तारीख, क्रेटची संख्या आणि माल कोणाला दिला त्याचे नाव.

फवारणीची आणि तोड्याची तारीख शेजारी शेजारी आली की प्रतीक्षा काळ पाळला की नाही, हे शेतकऱ्याला स्वतःलाच दिसते. वहीचा पहिला वाचक निरीक्षक नसून तो स्वतः असतो. पुढे युरोपीय दुकानदारांनी सुरू केलेले ग्लोबल-गॅप अथवा आपल्या देशातील इंड-गॅप प्रमाणपत्र मिळवावयाचे झाल्यास हीच वही पायाभूत ठरते.

खर्च, संघटन आणि बँक

एका नमुन्याची प्रयोगशाळेतील तपासणी एक-दोन एकरांच्या शेतकऱ्याला परवडत नाही, हे मान्य केले पाहिजे. सुरक्षित टोमॅटोला मंडीत वेगळा भाव मिळत नाही, ही त्याची तक्रारही खरी आहे. बोली लावणारा रंग व टणकपणा पाहतो, वही पाहत नाही. म्हणूनच येथे संघटनेस पर्याय नाही. द्राक्षबागाईतदारांनी १९९१ साली महाग्रेप्सच्या रूपाने सहकारी संस्थांना एकत्र आणले. त्याप्रमाणे धमधा-पाटन परिसरातील उत्पादकांनी गट अथवा उत्पादक कंपनी स्थापून तपासणीचा खर्च वाटून घेतला, क्रेटवर शेताचा क्रमांक लावला आणि मोठ्या उपाहारगृहांशी व प्रक्रिया उद्योगांशी थेट करार केले, तर वहीला किंमत येऊ शकते. तंत्रज्ञानासाठी रायपूरचे इंदिरा गांधी कृषी विद्यापीठ व जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र हाताशी आहेत.

बँकेच्या दृष्टीनेही हा विषय परका नाही. १९९८ साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डातून पीक उत्पादनाबरोबर काढणीनंतरच्या खर्चासाठीही पतपुरवठा होतो. प्रतवारी गृह, शीतगृह वा पाणी योजनांसाठी मुदत कर्जे असतात. २०१० साली बंदरात अडकलेल्या प्रत्येक कंटेनरमागे कोठल्या तरी शाखेतील थकलेला हप्ता होता, हे कर्ज देणाऱ्याने ध्यानात ठेवावे. शेताची पाहणी करण्यास जाणाऱ्या आपल्या अधिकाऱ्याने विहीर व पीक पाहतानाच "फवारणीची वही आहे का?" असे आपुलकीने विचारले, तर त्या एका प्रश्नाने पुष्कळ साधेल. ज्याच्याकडे वही आहे, त्याच्या मालाला बाजार मिळण्याची आणि कर्ज वेळेवर फिटण्याची शक्यता अधिक, हा साधा व्यवहार आहे.

ग्राहकांनाही एक विनंती. आपला नेहमीचा भाजीविक्रेता माल कोणत्या गावाहून आणतो, हे त्याला विचारत जा. प्रश्न ग्राहकाकडून विक्रेत्याकडे, विक्रेत्याकडून कोचियाकडे आणि कोचियाकडून शेतकऱ्याकडे जाऊ लागला, तर उत्तर लिहून ठेवण्याची सवय आपोआप लागेल. रुळाचा माग भट्टीपर्यंत काढणाऱ्या भिलाईला टोमॅटोचा माग शेतापर्यंत काढणे अवघड वाटू नये. त्यासाठी लागणारी यंत्रसामग्री एवढीच : एक वही, एक पेन आणि रोज संध्याकाळची पाच मिनिटे.